सईच्या बारशाचा मुद्देमाल

आमच्या मुलीचं बारसं मुंबईच्या उच्च न्यायालयाच्या हुकमाने झालं. हे कुणालाही सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून हसू आवरतो आणि हळूच विचारतो, म्हणजे नक्की काय झालं? ते नीट सांगायला सलग तासभर लागतो, आणि सलग तास माझ्याकडे नसतो. सई झोपली की मी लिहायला बसते, आणि मी लिहायला बसले हे तिला झोपेतही कळतं. तेव्हा मध्येच काही तुटल्यासारखं वाटलं, तर तिथे ती उठली होती असं समजावं.

इंदापूरच्या पेठेत आमचं किराणा दुकान आहे. पुढे दुकान, मागे एक अंधारी खोली आणि वर आम्ही. आमचे हे, म्हणजे श्रीपाद, दुकान चालवतात असं पाटीवर लिहिलंय. प्रत्यक्षात ते सासूबाईंच्या नजरेवर चालतं. यांना एक सवय आहे. आसपासच्या कुठल्याही गावात गिऱ्हाइकाच्या घरी बाळ झालं की हे खारीक, खोबरं, डिंक आणि हळिवाच्या पुड्या एका डब्यात भरतात आणि स्कूटरवरून स्वतः पोचवून येतात. याबद्दल कोणी काही बोललं तर यांचे कान लाल होतात. सासूबाई म्हणतात, याने दुकान काढलंय की बाळंतीणघर ते मला अजून समजलेलं नाही. पण डबा भरताना हळीव कमी दिसला तर मूठभर त्याच वाढवतात.

पंच्याण्णवच्या दसऱ्याला बारामतीला माझ्या माहेरी मुलगी झाली. तिला कावीळ होती, दिवसच्या दिवस निळ्या दिव्याखाली ठेवावं लागलं, त्यात बाराव्या दिवसाचं बारसं राहून गेलं. सासूबाई म्हणाल्या, काही बिघडत नाही, दिवाळी होऊ दे, इंदापुरात आमच्या पाळण्यात करू. हा पाळणा सागवानी आहे. त्यात हे झोपले, यांच्या बहिणी झोपल्या, आणि उसना देऊन देऊन निम्मी पेठ झोपली. तो माळ्यावरून काढून, धुऊनपुसून मागच्या खोलीत ठेवला. इथवर सगळं कायद्याला धरून होतं.

त्याच सुमाराला ऊस घालणाऱ्या सभासदांना साखर कारखान्याची दिवाळीची सवलतीची साखर मिळाली. आणि एका सकाळी वरकुट्याच्या सारजाबाई दुकानात आल्या. वय झालेलं, पाठीत वाकलेल्या, हातात फुलाफुलांच्या कापडाची पिशवी. ती त्यांनी तराजूशेजारी ठेवली आणि यांना म्हणाल्या, “माज्या नातीच्या वक्ताला तुमी खोबरं घिऊन पावसात आला व्हता. ही आमच्या उसाची साखर. पोरीच्या बारशाला जिलबी करा.”

यांचे कान लाल झाले. दोनच दिवसांत भवानीनगरहून एक पिशवी आली, मग पिशव्यांची रीघ लागली. माझ्या माहेराकडच्या कऱ्हाटीहूनसुद्धा कोणीतरी एसटीच्या टपावर टाकून साखर धाडली. ज्या ज्या घरी डिंक गेला होता, त्या त्या घरून साखर आली. माझी मुलगी तेव्हा पाळण्यातसुद्धा गेली नव्हती, आणि तिच्या मालकीची साखर मात्र मागची खोली भरून झाली होती. मी तिला मांडीवर घेऊन त्या पिशव्या दाखवायला न्यायची. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, मला फार कळत होतं.

मग आल्या मुंग्या. सासूबाईंचं मुंग्यांशी जुनं वैर. त्यांनी सगळ्या पिशव्या दुकानाच्या पोत्यांत रिकाम्या केल्या, दाभण घेऊन पोती शिवली, एकावर एक रचली. पिशव्या धुतल्या, गच्चीवर वाळवल्या, घड्या घातल्या. घरची पिशवी ज्याची त्याला परत गेली पाहिजे. आणि आमच्या घरातून रिकामं भांडं किंवा रिकामी पिशवी कधी परत जात नाही. शेजारणीच्या आमटीच्या वाटीतसुद्धा परत जाताना निदान लिंबाची फोड असते. तेव्हा प्रत्येक पिशवीत तिच्यातलीच मूठभर साखर आणि जिलबीचं एक वेटोळं घालायचं ठरलं. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी शटर अर्धं वर करून सासूबाई मागच्या खोलीच्या दाराशी पाट टाकून बसल्या आणि लोक वाकून आत येत, चहा पीत, पिशवी घेऊन वाकून बाहेर जात.

नेमके त्याच वेळी नवे पुरवठा निरीक्षक पेठेतून चालले होते.

त्यांची बाजू मी आता निवांतपणे सांगू शकते. तरुण माणूस, दूरच्या जिल्ह्यातून नुकताच बदलून आलेला, कामाला अत्यंत चोख. साखरेच्या साठ्यावर सरकारची मर्यादा. समोर सुट्टीच्या दिवशी अर्धं शटर उघडं. एक म्हातारी इकडेतिकडे न बघता वाकून बाहेर येते, हातात पिशवी. त्यांनी विचारलं, आजी, काय नेताय? सारजाबाई म्हणाल्या, साखर. पावती कुठे आहे? सारजाबाई म्हणाल्या, पावती कशाला, ह्ये आपलं घरातल्या घरात हाय. काळ्या बाजारात साखर घेणारा माणूस नेमकं हेच म्हणत असणार.

साहेब वाकून आत आले. आत आमच्या दुकानाचं नाव छापलेली, आमच्याच दाभणाने शिवलेली पोती मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त. सासूबाईंनी पाहुणा समजून चहा दिला आणि प्रेमाने साखर जरा जास्तच घातली. साहेबांनी घोट घेतला आणि कप खाली ठेवला. तो कपही ते पंचनाम्यात घेतात की काय, असं मला वाटून गेलं.

कप घेतला नाही, पण पाळणा घेतला. खोलीत जे जे होतं ते लिहिताना “लाकडी पाळणा एक, रिकामा” हेही आलं. पंच म्हणून सही कोणी केली? शेजारच्या दादासोंनी. त्यांचं पंपाच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान आहे, आणि आमच्यावर जीव आहे. कागद न वाचताच त्यांनी सही ठोकली. नंतर मी विचारलं, तर म्हणाले, “वैनी, श्रीपादरावाच्या घरचं काम. न्हाय म्हनू तरी कसं?” जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली साठेबाजी आणि विनापावती विक्रीचा गुन्हा असा शेजारधर्माला जागून दाखल झाला. खोलीला कुलूप, कुलपाला लाख, आणि आत साखर आणि पाळणा.

हे पोलीस ठाण्यात गेले तेही स्वतःच्या स्कूटरवरून, मागे शिपायाला बसवून. दुसऱ्या दिवशी कोर्टातून जामीन झाला. मुद्देमाल आमच्याच ताब्यात सांभाळायला दिला, म्हणजे लाखेला धक्का लावायचा नाही आणि आतल्या साखरेत घट आली तर जबाब द्यायचा. त्या आठवड्याच्या साप्ताहिकात ‘इंदापुरात साखरेचा प्रचंड साठा पकडला’ असं छापून आलं. बातमीत पाळण्याचा उल्लेख नव्हता. मला त्याचा जास्त राग आला.

इथे सासूबाईंनी घोषणा केली. ज्यांनी साखर दिली त्यांचं तोंड त्याच साखरेने गोड केल्याशिवाय या घरात बारसं होणार नाही, आणि पाळणा तोच. मी म्हटलं, आई, दुसरा पाळणा आणू. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुसरी मुलगी आणू म्हटलं होतं.

तेव्हापासून माझी मुलगी बिननावाची राहिली. नाव ठरलेलं होतं. ते मी, हे आणि नणंदबाई, एवढ्यांनाच ठाऊक होतं. पण आत्याने कानात सांगितल्याखेरीज ते मोठ्याने घ्यायचं नाही. लसीच्या कार्डावर नर्सने नावाच्या जागी माझं नाव लिहून पुढे ‘ची बेबी’ लिहिलं. हे तिला ठमी म्हणत. बारामतीचे माझे बाबा, निवृत्त मुख्याध्यापक, पत्रात ‘चि. नात हिस’ असं लिहीत. पेठेत तिचं नाव साखरी पडलं. लसीच्या रांगेत एक बाई दुसरीला म्हणाली, ती बघ, साठेवाल्याची बायको. माझ्या कडेवर तोंडाला लाळ सुटलेला ऐवज होता, त्यामुळे मी मान ताठ ठेवूनही भारदस्त दिसले नसावे.

सल्ले तर घरपोच येत होते. माझे बाबा म्हणाले, शासनाला सविस्तर अर्ज करावा, आणि स्वतःच तो इतका सविस्तर लिहिला की त्यात दुसऱ्या पानापर्यंत साखर आलीच नाही. समोरच्या शिंप्यांनी सांगितलं की दुकानाचं तोंड बदला. दादासो रोज एक नवी तोड काढत. कधी म्हणत, खोलीच्या मागच्या भिंतीतून पाळणा तेवढा काढू, लाखंला हात न्हाय लागायचा. सासूबाईंना ही सूचना पसंत पडली होती, हे मी इथे नमूद करते. त्यांनी भिंत ठोकूनही पाहिली होती.

आणि एक दिवस साखर देणारी सगळी मंडळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून पोलीस ठाण्यात गेली. पुढे सारजाबाई. प्रत्येकाचं म्हणणं एकच, ती साखर माझी हाय, काय करायचं ते मला करा. फौजदार घाबरले. कारण सगळ्यांना आरोपी करायचं तर ठाण्यात सतरंजी पुरली नसती. साक्षीदार म्हणून सारजाबाईंचा जबाब आधीच घेतला होता. त्यांनी फौजदारांना पुन्हा सुनावलं, “म्या इकत कशाला घीन? माजीच साखर. मोकळी पिशवी कुणी माघारी देतंय व्हय? तुमच्यात देत्यात का?” फौजदार म्हणाले, आजी, घरी जा. सगळ्यांना चहा पाजून त्यांनी ट्रॉली परत धाडली.

(उठली होती. थोपटून आले.)

या सगळ्यात आमचे हे गप्प होत गेले. तोवर मी हा प्रकार थोडा हसण्यावारी नेत होते. मग एका दुपारी कळलं की भवानीनगरला एका गिऱ्हाइकाच्या सुनेला मुलगा झाला. यांनी नेहमीसारखा डबा भरला, स्कूटर काढली, किल्ली लावली. मग किल्ली काढली आणि डबा परत आणून फळीवर ठेवला.

“का हो?” मी विचारलं.

“नको. उद्या त्यांच्या दारात कोणी विचारलं, डिंकाची पावती दाखवा, तर?”

एवढं बोलून ते दुकानात जाऊन बसले. डबा फळीवर तसाच राहिला. सासूबाई आल्या, डब्याकडे पाहिलं, आणि संध्याकाळी मला म्हणाल्या, “स्वानंदला फोन लाव.”

स्वानंद म्हणजे सासूबाईंच्या बहिणीचा मुलगा, मुंबईत उच्च न्यायालयात नवी नवी वकिली करणारा. एसटीडीच्या बूथमध्ये मी, सासूबाई, बाळ आणि दार उघडून अर्धे आत आलेले दादासो अशा सगळ्यांनी त्याला हकीकत सांगितली. पलीकडून नुसती खरखर ऐकू आली. मला वाटलं लाइन गेली. तो हसत होता. मग म्हणाला, “वहिनी, इथला खटला चालवत बसलात तर ही बिननावाचीच शाळेत जाईल. आपण गुन्हाच रद्द करून मागू.”

अर्ज दाखल झाला आणि आम्ही वाट बघत बसलो. पण नुसती वाट बघत बसणं मुंग्यांनी सासूबाईंना करू दिलं नाही. मुंग्या सीलबंद खोलीत दाराच्या फटीतून जाऊ लागल्या होत्या. सरकारी मुद्देमाल मुंग्यांनी नेला तर जबाब आमचा. सासूबाई रोज सकाळी पूजेनंतर उंबऱ्यापाशी हळदीची रेघ ओढत, तिच्यावर बोरिक पावडर टाकत आणि कुलपाकडे बघून नमस्कार करत. लांबून बघणाऱ्याला तिथे एखादं जागृत स्थान असावं असं वाटलं असतं. एका गिऱ्हाइकाने खरंच नारळ ठेवला. दरम्यान बाळाला दात आले, ते रांगू लागलं, आणि रांगून पहिल्यांदा कुठे गेलं असेल तर त्या दाराशी. लाखेचा ठिपका तिला फार आवडायचा. तिचं बोट आणि शासनाचं सील यांच्यामध्ये मी दिवसभर पळत असे.

तारीख लागली. स्वानंदने सांगितलं, आलात तर बरं. बाळ अंगावर पीत होतं, त्यामुळे तीही आली. न्यायालयाच्या त्या उंच छताच्या दालनात मी मागच्या बाकावर बसले, शेजारी हे, इस्त्रीच्या शर्टात, कान आधीच लाल. सगळं इंग्रजीत चाललं होतं. स्वानंदचे वरिष्ठ उभे राहिले आणि म्हणाले की मर्यादा व्यापाऱ्याच्या विक्रीच्या मालाला असते. ही साखर भेट आहे, आणि ती ज्या व्यक्तीची आहे ती व्यापार करत नाही, ती मागे बसली आहे. न्यायमूर्तींनी चष्म्यावरून मागे पाहिलं. त्या व्यक्तीने तोंडातली मूठ काढून ‘दा’ असं उत्तर दिलं. मी तिला पदराखाली घेतलं, आणि पदराखालून तिने तेच उत्तर पुन्हा दिलं.

न्यायमूर्तींनी विचारलं, मुलीचं नाव काय? वरिष्ठ म्हणाले की ते सांगता येत नाही, कारण बारशाची साखर आणि पाळणा सरकारच्या सीलमध्ये आहे.

सरकारच्या बाजूने एक वकीलबाई होत्या, चांगल्या कडक. त्या म्हणाल्या, साठा काहीही असो, विक्री तर रंगेहाथ पकडली आहे, महिला पिशवीत साखर घेऊन बाहेर पडली. न्यायमूर्तींनी विचारलं, किती साखर? त्यांनी पंचनामा पाहिला. अंदाजे एक मूठ, आणि जिलबी. दालनात थोडी कुजबुज झाली. मग न्यायमूर्ती एकदम मराठीत बोलले.

“बाई, तुमच्या घरी शेजारणीचा डबा आला, तर तुम्ही तो रिकामा परत पाठवता?”

वकीलबाईंनी तोंड उघडलं. पाठीशी सरकार होतं, पण घरी आई असणार, आजी असणार. त्यांनी पंचनामा हळूच मिटला.

“नाही, सर,” त्या म्हणाल्या. “कधीच नाही.”

गुन्हा रद्द झाला. हुकमात इंग्रजीत बरंच काही लिहिलंय, स्वानंदने मला समजावून सांगितलं. त्यात, मूठभर साखर घालून पिशवी परत देणं ही विक्री नव्हे, रीत आहे, असं एक वाक्य आहे. हे बाहेर व्हरांड्यात आले, बाळाला माझ्याकडून घेतलं आणि खांबाकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. तिने यांचा लाल कान पकडून ठेवला होता.

सील काढायला तेच निरीक्षक आले. पंच पुन्हा दादासो. या वेळी त्यांनी कागद दोनदा वाचला, मोठ्याने. दार उघडलं तेव्हा कळलं की एक अख्खा पावसाळा पिऊन साखरेचे दगड झाले होते. पोती उचलून वजन केलं, तर ते पंचनाम्यातल्यापेक्षा जरा जास्तच भरलं. साहेब गोंधळून गेले. घट आली तर काय करायचं ते नियमात होतं, वाढीबद्दल काही नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, “लेकराची साखर, सरकारच्या घरी राहून अंगाला लागली.” साहेबांनी ते लिहून घेतलं नाही, पण ओठ मात्र हलले. दादासोंनी हातोडा आणून ढेपा फोडल्या.

बारसं दिवाळीनंतर झालं. बाळ तेव्हा वर्षाच्या पुढे गेलेलं, चालणारं. पाळण्यात ठेवलं तर पाय बाहेर, मग ती उभीच राहिली आणि साखळी धरून सगळ्या पेठेकडे बघू लागली. पाळण्याखालून मूल एकीने द्यायचं आणि दुसरीने घ्यायचं असतं. ती कुणाच्या हातात येईना, पाळण्याखालून आपली आपण चालत गेली. नणंदबाईंनी तिला कसंबसं पकडून कानात नाव सांगितलं, बायकांनी त्यांच्या पाठीत धपाधप बुक्के घातले, आणि सई या नावाची मुलगी आमच्याकडे राहायला आली. सारजाबाईंनी तिला जवळ घेऊन विचारलं, “काय गं साखरे, इतकी का येळ लावलीस?” जिलबी पुरून उरली.

निरीक्षकांना यांनी स्वतः जाऊन आमंत्रण दिलं होतं. ते आले, बायकोला घेऊन. बाईंना सातवा महिना होता. सासूबाईंनी ते पहिल्या नजरेत टिपलं आणि यांच्याकडे पाहिलं. यांनी मान खाली घातली.

पुढे त्यांना मुलगा झाल्याचं पेठेत कळलं, त्या दिवशी दुपारी मला फळीवर खुडबुड ऐकू आली. तोच डबा, खारीक, खोबरं, डिंक. हळीव कमी होता, सासूबाईंनी मूठभर वाढवला. स्कूटरला किल्ली लागली आणि या खेपेला ती परत निघाली नाही.

आठवड्याने डबा परत आला. साहेब स्वतः आले होते, दाराबाहेर उभं राहूनच देऊन गेले. मी झाकण काढलं. आत साखर होती, काठोकाठ, आणि तिच्यावर चौकोनी घडी घातलेली पावती. उलगडून पाहिली तर आमच्याच दुकानाची, त्याच सकाळची, यांच्याच अक्षरातली. साखर घेताना साहेबांनी ती आठवणीने मागून घेतली होती.

सासूबाईंनी पावती लांब धरून वाचली आणि म्हणाल्या, “शिकतोय हो.” तेवढ्यात सईने डब्यात मूठ घातली, साखर तोंडात कोंबली, आजीच्या हातातली पावती ओढून घेतली आणि तीही चघळायला लागली. मी तिला चघळू दिली.